ओटीत गेलेले वायसर

मित्रांनो, कडावच्या पुढे एका वाडीत रस्त्याच्या कडेला उभा असलेला जुना हापसा, तो मी. गंजलो आहे, पण अजून ऐकू येतं.

चाळीस वर्षांपूर्वी परदेशी मदतीच्या पैशातून मला इथे बसवलं. तेव्हा आपला देश घेणारा होता. पहिल्या दिवशी वाडीने मला हळदकुंकू वाहिलं. माझ्या पोटातला पाणी वर ओढणारा चामड्याचा वायसर झिजला की द्वारका मला उघडायची. वाडीची ही सून हापसे दुरुस्त करायला शिकलेली. तिचा हात माझ्या चांगला ओळखीचा.

पुढे आपला देश देणाराही झाला. गेल्या थंडीत सरकारच्या खर्चाने आफ्रिकेतल्या मलावी देशातून काही बायका कर्जतला दुरुस्ती शिकायला आल्या. शिकवायला द्वारकाच होती. सरावाला ती त्यांना माझ्याकडे आणायची. आठ दिवसांत त्यांनी मला दहादा खोललं आणि जोडलं. त्यांतल्या ग्रेसच्या गावात माझ्याच जातीचा हापसा होता, वायसरावाचून बंद पडलेला.

निघताना द्वारकाने ग्रेसची ओटी भरली. तांदूळ, नारळ, आणि त्यावर घरी डब्यात जपलेले शेवटचे दोन्ही वायसर. द्वारकाची सासू मोतीबाई जवळ सरकल्या.

"एक तरी ठेव गं आपल्याला. आता मिळत नाय ते."

"आत्या, ओटीतला परत काढत्यात काय?"

मोतीबाई मागे सरकल्या. मला तेव्हा अभिमान वाटला, तेही सांगून टाकतो.

चैत्रात माझा वायसर फाटला. द्वारकाने कचेरीत चार खेपा घातल्या. जुन्या हापशाचं सामान येत नाही, आता नळच येणार आहे, असं सांगून तिला परत पाठवलं. नळ आला नाही. सत्तरीच्या मोतीबाई हंडा घेऊन नदीवर जातात. माझ्यासमोरूनच जातात. आधी वाईट वाटायचं. आता काहीच वाटत नाही.

परवा ग्रेसचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या हापशाला धो धो पाणी होतं आणि पोरी त्यात भिजत होत्या. तुमचा कसा आहे, असं तिने खुणेने विचारलं. द्वारका हसली, तिने अंगठा दाखवला आणि माझ्याकडे पाठ करून फोन शेताकडे धरला.

मित्रांनो, तिने दिलं ते योग्यच केलं. द्यायची वेळ आली तर तुम्हीही हात आखडू नका. फक्त देणाऱ्याच्या घरी पाणी आहे का, एवढं कुणीतरी विचारत जा. तो स्वतःहून सांगायचा नाही.