पडवळासारखा वाकणारा पाइप

साईनाथच्या घरातला पाइप हाताने वाकतो, ही सहा वर्षांपूर्वी आमच्या गावातली मोठी बातमी होती. घाटाकडे एक जुना बंगला पाडला, त्याच्या भंगारातून त्याने हा करडा, जड पाइप उचलून आणला. बाकीच्यांना प्रत्येक वळणावर सांधा बसवावा लागला. साईनाथने नुसता गुडघा टेकवला, पाइप पडवळासारखा वळवला आणि गावच्या टाकीपासून थेट स्वयंपाकघरात नेला. टोकावड्याहून माणसं बघायला आली. त्यांना चहा मिळाला, अर्थातच त्याच पाइपातल्या पाण्याचा.

यंदा पंचायतीत वरून एक तक्ता आला. पिण्याच्या पाण्याचा पाइप शिशाचा आहे का, हे घरोघर पाहून लिहायचं होतं. पंचायतीचा कारकून जगदीश पाहणीला निघाला आणि पिंपळाच्या पारापर्यंत पोहोचला. तिथे साईनाथ बसला होता.

"दादा, तुमच्याकडं शिसं हाय का?"

"नाय रे."

जगदीशने 'नाही' लिहिलं. मग सावली चांगली होती म्हणून तक्त्यातल्या खालच्या एकशे तेरा घरांपुढेही 'नाही' लिहिलं. एवढी सारखी उत्तरं वर्गात आली असती तर मी सगळ्यांना बाकावर उभं केलं असतं. पंचायतीने मात्र दाखला दिला. साईनाथने तो चौकटीत बसवून नळाच्या वर टांगला.

त्याची सून नम्रता सातव्या महिन्यात होती. एके दुपारी ती माझ्या ओटीवर आली. शाळेतून निवृत्त झाले तरी माझ्याकडे गावातली पाच-सहा मुलं रोज गणितं सोडवायला बसतात.

"बाई, शिशाचं पाणी पोटातल्या बाळाला बाधतं म्हणतात. खरंय का?"

"खरंय. रंग नाही, वास नाही. आईच्या अंगातून बाळाकडे जातं आणि त्याची बुद्धी खुंटवतं."

"दाखल्यात 'नाही' लिवलंय. पन बघितलं कोनी?"

त्या दिवशी गणितं राहिली. पंक्चरवाल्याकडून फुटक्या स्पीकरचं चुंबक आणलं, पाच रुपयांचं नाणं घेतलं आणि मुलांसकट साईनाथचं घर गाठलं.

साईनाथ पडवीत पाग दुरुस्त करत होता. पाग म्हणजे नदीत फेकून मासे धरायचं गोल जाळं. कडेला वजनाच्या गोळ्या असतात, त्या तो नव्याने ओवत होता.

"या बाई! आज वर्ग इथंच?"

"तुझा पाइप बघायचाय."

"बघा की. अख्खा तालुका बघून गेला."

चौथीतल्या काजलने पडवीतून आत जाणाऱ्या पाइपाला चुंबक लावलं. ते चिकटलं नाही.

"म्हणजे लोखंड नाय," ती म्हणाली.

"बरोबर. आता नाण्याने हळू खरवड."

नाणं लोण्यात जावं तसं गेलं. करड्या सालीखाली पांढरी चकाकी दिसली.

"बघितलंत!" साईनाथ मुलांना म्हणाला. "आत चांदीवानी हाय. इंग्रजांचा माल!"

काजल चकाकीकडे बघत होती. मग तिने खाली वाकून पागाची एक गोळी उचलली आणि तिच्यावर नाणं ओढलं. तशीच पांढरी रेघ उमटली.

"आजोबा, ह्या गोळ्या कसल्या?"

"अस्सल शिसं! बाजारात गावणार नाय असलं."

"मग तुमी कुठून आणलं?"

"आणायला कशाला लागतं? पायपाचा हातभर तुकडा उरला व्हता, तोच चुलीवर वितळवून..."

नम्रता आत चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. हातातला पेला तिने मोरीत ओतला.

साईनाथने गोळ्या पागाखाली सारल्या.

"सहा वर्सं पितोय. मला काय झालं?"

"तू माझ्या वर्गात चौथीत होतास तेव्हा हा पाइप नव्हता, आणि तेव्हाही तू असाच होतास. त्यामुळे तुझ्यावरून काही कळत नाही."

मुलं हसली. त्याची बायको धोंडीबाई सगळ्यांत मोठ्याने हसली.

"उकळून पिऊ मग!"

"उकळलं की पाणी आटतं. शिसं तिथंच राहतं."

"आबा," नम्रता म्हणाली, "मी ह्या नळाचं पानी पिनार नाय."

"मग हापशीवर जाशील? असल्या दिवसांत?"

"मी नाय जानार."

साईनाथने बायकोकडे पाहिलं. धोंडीबाईने गुडघे चोळले. "माझ्याकं नको बघू. पायप आणताना मला इचारलं व्हतंस?"

हापशीवर बाप्ये जात नाहीत. आमच्याकडे पाणी भरणं बायकांचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी साईनाथ डोक्यावर हंडा घेऊन चढण चढत होता, तेव्हा हापशीवरच्या बायकांनी दांडा सोडून बघून घेतलं. बाईजा म्हणाली, "दादा, हंड्याखाली फडक्याची चुंबळ घे, टकुरं दुखंल."

नम्रता मुरबाडला जाऊन तपासणीसाठी रक्त देऊन आली. अहवाल यायचा आहे. नवा पाइपही यायचा आहे. नम्रताने आपली काळजी अजून बोलून दाखवलेली नाही, पण साईनाथ रोज तिसऱ्या प्रहरी रस्त्यावर जातो आणि मुरबाडहून येणाऱ्या एसटीतून कुणी कागद आणलाय का ते बघतो.

परवा तो भरला हंडा घेऊन येत असताना जगदीश वाटेत भेटला.

"जगदीश, माझ्यापुढचं 'नाही' खोड. आन् बाकीची घरं जाऊन बघ. दोन घरांना मीच दिलेत ह्या पायपाचे तुकडे."

"आता कसं खोडू, दादा? वर पाठवलं, सही झाली. खाडाखोड चालत नाय."

साईनाथने हंडा उतरवला आणि जगदीशच्या डोक्यावर ठेवला. चुंबळीशिवाय.

"मग धर. त्या दोन घरांतबी लेकरं हायेत. 'नाही' खोडेपातूर त्यांचं पानी तू भर."