वैशाखातला नाताळ

वैशाखाचं ऊन. पिवळंधमक, अग्निवर्ण, केळीचं पान न् पान चिरत जाणारं ऊन. विहिरींचं पाणी तळाला गेलेलं, पानवेलींनी माना टाकलेल्या, वसईच्या वाड्यावाड्यांतून तप्त, निःशब्द दुपार पसरलेली. आणि अशा भर दुपारी बावतीस लोपीसच्या ओटीवर लाल कागदी तारा लटकत होता, आत दिवासुद्धा लावलेला! वैशाखात नाताळ, ऐकलंय का कधी कुणी?

पण सिनेमावाल्यांना कसलं आलंय पंचांग न् कसलं कॅलेंडर! त्यांनी लोपीसांचं कौलारू घर शूटिंगला मागून घेतलं, खिडक्यांवर काळं कापड ठोकलं, दारापुढे काळा पडदा सोडला. त्या काजळगर्द काळोखात त्यांनी एक रात्र उभी केली. मेणबत्त्यांच्या कंपित ज्योतींची, चंदेरी तोरणांची, गोठ्यातल्या बाळाची रात्र. पडद्याबाहेर ऊन होतं आणि पडद्याआत नाताळ होता.

जेवणाच्या सीनचा स्वयंपाक मात्र आग्नेसनं हट्टानं स्वतःकडे घेतला. आग्नेस ही बावतीसची बायको. जिभेनं फटकळ, मनानं लोणी. "मावशी, चव नको, नुसतं दिसायला हवं," असं सेटवरचा एकजण म्हणाला, तर त्याला म्हणाली, "अळणी अन्न या घरात दिसायलासुद्धा मांडत नाहीत, बाबा." मग डुकराच्या मटणाचं सोरपोतेल रटरटलं, तेलात मैद्याचे गोल फुगे टम्म फुगले, पिठातल्या ताडीचा आंबूस-गोड वास घरभर दरवळला. किती दिवसांनी! तीन नाताळ या घरानं वरणभातावर काढले होते.

कारण लवीना. एकुलती एक लेक, बापाच्या डोळ्यांतली बाहुली. तीन वर्षांमागे, याच टेबलाशी, नाताळच्या याच जेवणात तिनं सांगितलं, की मी हेमंतशी लग्न करणार. हेमंत गुणी मुलगा. पण आपल्या चर्चमधला नव्हे, आपल्या माणसांतला नव्हे. बावतीसनं आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. फुगा मोडता मोडता तो एकच शब्द बोलला, "ऊठ."

भरल्या ताटावरून लेक उठली. पहिला घास तसाच ताटात राहिला. आग्नेस डाव हातात धरून उभी होती, आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

पण आज तिनं घाट घातला होता. शूटिंग बघायच्या निमित्तानं ये, असा लेकीला तिनं नवऱ्याच्या चोरून निरोप धाडला. लवीना फोनवर म्हणाली, "ओटीपर्यंत येईन, आई. उंबरा बाबांनी बोलावल्याशिवाय ओलांडणार नाही. आणि आज नाही बोलावलं, तर पुन्हा या वाडीत पाऊल टाकायची नाही." बापाचीच लेक ती! आता ती काळ्या पडद्यापलीकडे, बघ्यांच्या गर्दीत उभी होती. बावतीसला त्याचा गंधही नव्हता.

तेवढ्यात आणखी एक घोटाळा झाला. सिनेमातल्या बापाला ऊन लागलं आणि तो आडवा झाला. सीनमध्ये त्याची फक्त पाठ दिसायची होती. दिग्दर्शकाची, त्या चष्मेवाल्या, घाईकुतीला आलेल्या पोराची नजर बावतीसच्या रुंद, शेतात राबलेल्या पाठीवर गेली.

"काका, तुम्ही नुसतं बसायचं. मान खाली. मुलगी ताटावरून उठते, निघून जाते, तुम्ही जाऊ देता." मग जरा ऐटीत म्हणाला, "सिनेमातलं नाताळचं जेवण लोकांच्या लक्षात राहतं ते केकमुळे नाही, काका. कोण उठून गेलं, त्यामुळे राहतं."

घाट आग्नेसचा होता, पण त्यात हे नव्हतं.

"ॲक्शन!" ज्योती थरथरल्या. खुर्ची करकरली. पांढऱ्या झग्यातली कोवळी नटी ताटावरून उठली, ओल्या डोळ्यांनी दाराकडे चालली, उंबरा ओलांडून काळ्या पडद्यात विरली. बाप बसून राहिला. "कट!" आणि ती खुदकन हसत परत आली, त्याच खुर्चीत बसली, हातानं वारा घेऊ लागली.

पुन्हा ॲक्शन. पुन्हा ज्योती, पुन्हा खुर्ची, पुन्हा तो उंबरा. पुन्हा कट, आणि पुन्हा ती हसरी, घामेजलेली, परतलेली पोर.

जाते, आणि येते. जाते, आणि येते. सिनेमातली लेक किती सोपी, बाई! कुणीतरी एक शब्द म्हणतं आणि गेलेली माघारी वळते. या घरात तो शब्द कुणी म्हटलाच नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारातून आग्नेस नवऱ्याची पाठ बघत होती. कान लालबुंद झालेले. मुठीतला फुगा कुस्करून त्याचा चुरा झालेला. नटी दाराकडे निघाली, की त्या पाठीतून एक कळ जायची. पण मान वर होत नव्हती. हट्टी मेला, हट्टी, हट्टी! आग्नेसला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली.

"शेवटचा टेक," दिग्दर्शक ओरडला. "मग टेबल उचला!"

टेबल उचललं की गर्दी पांगणार. गर्दी पांगली की लवीनाही जाणार, आणि या वेळी कायमची. आग्नेसनं पदराचं टोक मुठीत आवळलं. सायबिणी, मरियामाते, माझे आई, सांभाळ गं.

"ॲक्शन!" ज्योती थरथरल्या. खुर्ची करकरली. ती उठली, चालली, उंबऱ्याशी पोचली, तिनं पाऊल उचललं,

"कट!"

दिग्दर्शकानं वळून पाहिलं, कॅमेरावाल्यानं पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. बावतीस उभा होता.

"काका!" दिग्दर्शक उसळला. "कट मी म्हणायचं असतं!"

"तू कधी म्हणणार?" बावतीसचा आवाज फाटला. "पोर उपाशी चाललीय, आणि बाप बसलाय धोंड्यासारखा! मीच म्हणायला हवं होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

आग्नेसची जीभ आज टाळ्याला चिकटली नाही.

"अहो," ती म्हणाली, "ती बाहेर उभी आहे. हाक मारा."

बावतीस गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग चालू लागला. दिवे बाजूला झाले, माणसं बाजूला झाली, नटी बाजूला झाली. त्यानं काळा पडदा मुठीत धरला आणि खस्सकन ओढला.

ऊन आलं. पिवळंधमक, अग्निवर्ण, ओसंडणारं ऊन आलं आणि ती रात्र क्षणात संपली. डोळे दिपलेल्या बापाला काही म्हणजे काही दिसेना. समोरच्या उजेडालाच त्यानं हाक मारली.

"लवीना! बाय, ये. बस ताटावर."

उजेडातून एक पाऊल पुढे आलं, उंबऱ्याशी अडखळलं आणि आत पडलं. लवीना नटीच्या खुर्चीत बसली, फुगा मोडला, सोरपोतेलात बुडवला, आणि रडत रडत खाऊ लागली.

"अहो, त्या ताटाला हात लावू नका!" सेटवरची एक मुलगी कळवळून ओरडली. "टेक परत घ्यायचाय!"

"गप गं!" आग्नेसनं डाव उगारला. "खाऊ दे माझ्या पोरीला."

मेणबत्त्या उन्हात फिक्या पडल्या होत्या. ओटीवर तारा हलत होता, लाल, कागदी, वैशाखातला तारा. बाप वाढत होता, लेक जेवत होती, बाप पुन्हा वाढत होता. आणि कट कुणीच म्हणत नव्हतं.