फेब्रुवारीतलं गाणं

धम्मदीपाने सुपाचा चमचा ओठांपाशी नेला तसं केइकोसाननी तोंड फिरवलं आणि खिडकीजवळ बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघत जपानीत विचारलं,

"हे गृहस्थ रोज कोणाला भेटायला येतात?"

"काय म्हणते?" हेर ब्रेनरनी जर्मनमध्ये विचारलं. ते केइकोसानचे नवरे; सगळे त्यांना हेर, म्हणजे श्रीयुत, म्हणत.

धम्मदीपाने चमचा वाडग्यात परत ठेवला. "तुम्ही रोज येता, ते त्यांच्या लक्षात आहे."

हेर ब्रेनरनी समाधानाने मान हलवली.

जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या टेकडीवरच्या या फ्लेगेहाइममध्ये, म्हाताऱ्या आजाऱ्यांच्या निवासात, धम्मदीपा दोन वर्षांपासून मदतनीस होती. पुण्यात तिने सहा वर्षं जपानी शिकून चाकणच्या कारखान्यात दुभाषीचं काम केलं होतं. नवऱ्याला, सुगतला, इथे नोकरी लागली, ती त्याच्यामागे आली, आणि इथे तिच्या जपानीचं कोणालाच काही पडलं नव्हतं. ती चादरी बदलायची, जेवणं भरवायची. मग केइको ब्रेनर आल्या. पक्षाघाताने त्यांचं पन्नास वर्षांचं जर्मन पुसून नेलं होतं. उरली ती लहानपणची भाषा, आणि ती त्यांच्या नवऱ्याला येत नव्हती. तेव्हापासून धम्मदीपाच्या दुपारी या खोलीत जात होत्या.

भाषेबरोबर आणखी एक गोष्ट उरली होती. हातानाकाची गाणी. गिटार घेऊन स्वतःची गाणी स्वतःच गाणारा हा गायक आता ऐंशीच्या घरात होता. साधी चाल, साधे शब्द; जपानमध्ये ती घराघरांत पाठ. पुण्यातल्या जपानीच्या बाई क्रियापदं शिकवायला तीच लावत, म्हणून धम्मदीपालाही ती येत होती. केइकोसान पाण्याचा घोटही घेत नसत त्या दिवशीसुद्धा, हेर ब्रेनरनी कॅसेट लावली की एकेक कडवं न चुकता म्हणत.

"तोक्योला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून तिच्यासाठी त्याची रेकॉर्ड मागवायचो," हेर ब्रेनर एकदा म्हणाले. "इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकतोय. एका ओळीचा अर्थ माहीत नाही."

"कधी विचारला नाहीत?"

"विचारला होता. म्हणायची, जर्मनमध्ये ते बरं लागत नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही लिहून द्याल?"

धम्मदीपा रोज एक गाणं जर्मनमध्ये उतरवून आणू लागली. सफरचंदांच्या बागेतल्या मजुराचं, बंदरावर कामाची वाट बघणाऱ्यांचं, दारुड्या मास्तराचं. हेर ब्रेनर कागदाला भोकं पाडून तो फायलीत लावायचे आणि बायकोसमोर बसून हलक्या आवाजात वाचायचे. केइकोसान सभ्यपणे ऐकून घ्यायच्या.

"आता एकच राहिलं," एक दिवस हेर ब्रेनरनी कॅसेटच्या डबीवर बोट ठेवलं. "हे ती फक्त फेब्रुवारीत लावायची. दर वर्षी. तिकडचा बर्फ आठवत असेल."

धम्मदीपाला ते गाणं माहीत होतं. दूर लग्न करून दिलेली मुलगी बर्फातून माहेरी पोचते. शेजारीण दारातच सांगते, तुझ्या आईची चूल विझून तीन दिवस झाले. मुलगी म्हणते, मला कोणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर मी चालत आले असते. पुढे काही नाही. हीच ओळ चार वेळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केइकोसानची नखं कापत होती. त्या मध्येच, हवापाण्याबद्दल बोलावं तशा बोलू लागल्या.

"तार नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत होती. थोमासच्या पाळण्याचा स्क्रू सैल झाला म्हणून मी पेटी उघडली. स्क्रूंच्या डब्याखाली दोन तारा होत्या. एकीत आई अत्यवस्थ, लगेच ये. दुसरीत आई गेली."

धम्मदीपाचा हात थांबला. "तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"आई अचानक गेली, एवढं सांगितलं होतं त्याने. भावाने त्यानंतर मला पत्र लिहिलं नाही. मी लिहिलेली परत आली. ती का परत येतात, ते तेव्हा कळलं. त्याला वाटलं, कळूनही मी आले नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"स्क्रू घेतला. तारा होत्या तशा ठेवल्या."

"विचारलं नाहीत त्यांना?"

"विचारून?" केइकोसाननी कापलेल्या नखांकडे पाहिलं. "मग मला तिथून निघावं लागलं असतं. मूल अंगावर पीत होतं. जायचं कुठे?" मग त्यांनी दुसरा हात पुढे केला. "हा राहिला."

शनिवारी सुपरमार्केटमध्ये सुगत रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनमध्ये टाकत होता. धम्मदीपाने शेजारी उभं राहून त्याला सगळं सांगितलं. गाणं लिहून तयार होतं. कागद तिच्या पिशवीत होता.

"तू दुभाषी आहेस," सुगत म्हणाला. "जे आहे ते द्यायचं. गेनाऊ, अगदी तेवढंच. मध्ये आपलं काही घालायचं नाही."

"ते वाचून त्यांना काय होईल?"

"आल्झो... म्हणजे, ते बघणं तुझं काम नाही."

मशीनने एक बाटली परत बाहेर ढकलली. सुगतने ती फिरवून पुन्हा आत घातली.

"कोविडमध्ये बाबा गेले तेव्हा मला जाता आलं नाही," धम्मदीपा म्हणाली. "फोनवर बघितलं सगळं. पण मला कळलं तरी होतं."

सुगतने उरलेल्या बाटल्या एकेक करून टाकल्या.

सोमवारी तिने कागद दिला. हेर ब्रेनरनी तो उभ्यानेच वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. त्याला भोकं पाडली नाहीत. घडी घालून खिशात ठेवला आणि त्या दिवशी कॅसेट न लावताच निघून गेले.

मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारी तीनला आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून विंचरलेले. खुर्ची पलंगाजवळ ओढून ते बसले.

"आज जरा भाषांतर कराल?" ते धम्मदीपाला म्हणाले. "मी बोलेन ते तिला सांगायचं. शब्दाला शब्द. ती बोलेल तेही तसंच."

"हो," धम्मदीपा म्हणाली.

"सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत तार आली. तुझी आई अत्यवस्थ होती."

तिने ते जपानीत सांगितलं.

"तू सातव्या महिन्यात होतीस. आधीचं एक मूल गेलं होतं. मला भीती वाटली, तू विमानात बसशील. मी तार लपवली."

तिने सांगितलं.

"अकरा दिवसांनी दुसरी आली. तीही लपवली. थोमास झाल्यावर तुला म्हणालो, आई अचानक गेली. अचानक नव्हती गेली. अकरा दिवस होते तिच्याकडे." त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. "मी दर वर्षी ठरवायचो, या वर्षी सांगायचं. तू गाणं लावायचीस आणि मी तळघरात कामाला जायचो. मला माफ कर."

धम्मदीपाने शेवटचं वाक्यही सांगितलं.

केइकोसाननी सगळं लक्ष देऊन ऐकलं. आल्यागेल्याचं ऐकावं तसं, पाठ ताठ ठेवून.

"वाईट झालं," त्या म्हणाल्या. "यांच्या बायकोची गोष्ट का ही?"

"हो."

"तिने माफ केलं नसेल." त्यांनी मांडीवरची चादर सारखी केली. "मी नसतं केलं. पण या वयात त्यांना ते सांगून काय मिळायचंय? घरी जाऊन जेवायचे नाहीत. तू सांग, तिने केव्हाच माफ केलं. नीट तोंडाकडे बघून सांग, म्हणजे खरं वाटेल."

धम्मदीपाने त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. त्या हेर ब्रेनरच्या हातांकडे बघत होत्या. ते हात त्यांना ओळखीचे वाटत होते की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

"काय म्हणाली?" हेर ब्रेनरनी विचारलं.

धम्मदीपाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हाला केव्हाच माफ केलंय, असं म्हणाल्या."

हेर ब्रेनरनी मान खाली घातली. बाहेरच्या कॉरिडॉरमधून कोणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेली, तिचा आवाज येऊन गेला.

"बराच वेळ बोलत होती," ते म्हणाले.

"जपानीत हे थोडक्यात सांगता येत नाही."

"आणि माझं नाव आलं नाही त्यात."

"जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आमच्याकडेही."

"मला ती गेरहार्ड म्हणायची," हेर ब्रेनर म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

ते उठले, जाकीट घातलं आणि निघण्यापूर्वी बायकोसमोर हात केला. केइकोसाननी तो दोन्ही हातांत घेतला, बसल्या जागी कमरेत वाकून त्यांना निरोप दिला आणि जपानीत म्हणाल्या, एवढ्या लांबून आलात, आभारी आहे.

या वेळी हेर ब्रेनरनी अर्थ विचारला नाही.