मला धरून ठेवणारं इंजिन

मी बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय? हा फाटकाच्या आत उभा असलेला हिरवा, जुना ट्रक, तोच मी. पूर्वी मी खालच्या वळणावर असतानाच दुकानात बसलेली माणसं म्हणायची, "आला कप्तानचा ट्रक." आता मी दारात येऊन उभा राहिलो तरी कुणाला पत्ता लागत नाही. माझ्या पोटातलं इंजिन काढून तिथे विजेवर चालणारी मोटर बसवली आहे. पण माझं दुखणं आवाजाचं नाही. आवाज काय, गेला तर गेला.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. नव्या रंगाचा वास आणि एकामागे एक उभे असलेले आम्ही सगळे भाऊ, एवढंच. आमच्या जातीचं एक वैशिष्ट्य असतं. इतर गाड्यांची दोन चाकं ओढतात आणि दोन नुसती बरोबर जातात. आमची चारही ओढतात. मागची चिखलात फसली तर पुढची खेचतात, पुढची फसली तर मागची ढकलतात. घरोघरची माणसं अशी वागली असती तर निम्मी भांडणं झालीच नसती, पण ते असो.

पहिला मालक लाकडांचा ठेकेदार. त्याने मला बैलासारखा राबवला आणि तेलपाण्याला मात्र कायम टाळाटाळ केली. त्याच्या तावडीतून मला सोडवलं ते कप्तानने. कप्तान म्हणजे कुणी लष्करातला अधिकारी नव्हे. वरच्या वस्तीला जाणाऱ्या चढावर भल्याभल्यांच्या गाड्या मागे यायच्या आणि हा पठ्ठ्या शीळ घालत वर जायचा, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणायचे. वस्तीवरचं पीठमीठ, गॅसच्या टाक्या, औषधं, शाळेची बाकं, अडलेली बाई, सगळं माझ्या पाठीवरून गेलं. हाडाचा ड्रायव्हर. मला 'गड्या' म्हणायचा.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माझा हँडब्रेक फार वर्षांपूर्वी तुटला. केबलच गेली. कप्तानने ती बदलली नाही, कारण त्याला गरजच वाटली नाही. उतारावर थांबायचं, किल्ली बंद करायची, पहिला गिअर टाकायचा आणि खाली उतरायचं. बंद असलेलं इंजिनही मोठं हट्टी असतं. त्याच्या पोटात हवा कोंडलेली असते, ती चाकांना फिरू देत नाही. मी जागचा हलायचो नाही. दुसरा कुणी चाकाखाली दगड लावताना दिसला की कप्तान हसायचा. "दगड लावतो तो कसला ड्रायव्हर? गिअरात टाक आणि जा घरी जेवायला." हँडब्रेकच्या दांड्याला कप्तानची बायको आपली पिशवी अडकवायची. घरात सगळ्यांना तो पिशवीचा खुंटाच वाटायचा.

लेक त्याच्याच हाताखाली शिकली. खाली उशी घेऊन बसायची, तेव्हा कुठे तिला समोरचा रस्ता दिसायचा. गिअरात टाकून उभं करायचं हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं की ते शिकवलं कधी, हे बापालाही सांगता आलं नसतं.

मग आम्ही दोघंही थकलो. कप्तानचे गुडघे आणि माझं इंजिन. मी धूर ओकायला लागलो. त्यातच नियम आला की असल्या जुन्या गाड्यांनी गावात शिरायचं नाही. कप्तानचा भाऊ म्हणाला, "दादा, भंगारात दे. पुष्कळ चालला." कप्तान जेवणावरून उठला. ट्रक गेला की आपण नुसते म्हातारे, हे त्याला कळत होतं. मलाही कळत होतं.

लेक तोवर एका वर्कशॉपमध्ये लागली होती. जुन्या गाड्यांना मोटर आणि बॅटऱ्या बसवायचं काम तिथे चाले. ती म्हणाली, "बाबा, मी याला विजेवर करते. धूर नाही की काही नाही. गिअर तेच, चाकं तीच."

"पोटातलं सगळं काढून घ्यायचं आणि म्हणायचं, गडी जगला?"

"भंगारात गेल्यापेक्षा बरं ना?"

कप्तानने दाढी खाजवली. मग म्हणाला, "कर. पण स्टिअरिंगवर मीच बसणार. दुसरं कुणी बसलेलं मला चालायचं नाही."

एवढाच त्याचा हट्ट होता, आणि एवढ्यासाठीच ती पोर राबली. साखळीने माझं इंजिन वर उचललं तेव्हा मला दुखलं. खोटं कशाला सांगू? पण तिचा हात बापासारखाच होता, घाई नाही की आदळआपट नाही. गिअरचा डबा तिने तसाच ठेवला, त्याला मोटर जोडली, इंजिनच्या जागी आणि पाठीखाली बॅटऱ्या बसवल्या. वायर न् वायर तपासली. पायाच्या ब्रेकची तर सगळी नळी नवी टाकली. आणि हँडब्रेकच्या दांड्याला आपली हत्यारांची पिशवी अडकवली.

एकदा वर्कशॉपमध्ये जागा करायला मला बाजूला सारायचं होतं. मी पहिल्या गिअरात होतो. दोघांनी खांदा लावला आणि मी सरळ सरकलो. ढकलणारा म्हणाला, "न्यूट्रलला होता वाटतं." कुणी आत डोकावून बघितलं नाही. जमीन सपाट, मी पुन्हा उभा राहिलो. पण माझ्या तेव्हाच लक्षात आलं, की नवी मोटर बंद झाली की मला धरत नाही. तिच्या पोटात काही कोंडलेलंच नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण आमचा हॉर्नसुद्धा दुसऱ्याच्या हातात असतो.

घरी न्यायच्या दिवशी कप्तान इस्त्रीचा शर्ट घालून आला. पहिल्यांदा मोटर सुरू झाल्यावर तो कान देऊन बसला. मग लेकीकडे बघून म्हणाला, "मेला की काय हा?" ती हसली. आम्ही निघालो, बटाट्यांची पोती घेतली, आणि चढ लागला तसा मी वर गेलो, न कुरकुरता. कप्तान शीळ घालू लागला. किती तरी दिवसांनी ऐकली ती शीळ. मला बरं वाटत होतं आणि घर येऊच नये असंही वाटत होतं, कारण घराचं फाटक चढावर आहे.

तो थांबला. किल्ली बंद केली. पहिला गिअर टाकला. उतरला.

गिअरच्या जड तेलाने मला क्षणभर धरलं. कप्तान मागे आला, त्याने माझी मागची फळी खाली पाडली आणि पहिलं पोतं आपल्याकडे ओढलं. तेवढा हिसका पुरला. मी मागे निघालो. त्याच्या पाठीशी फाटकाचा दगडी खांब होता. सगळी ताकद लावून थांबायचं म्हटलं तरी माझ्यात थांबण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं, हो. मीच त्याचा पाय त्या खांबाशी चिरडला.

लेक दुसऱ्या गाडीने मागून आली होती. ती धावत आत चढली. मला पुढे घ्यायला तिने किल्ली फिरवली आणि पहिला गिअर टाकायला हात नेला, तर दांडा आधीच पहिल्या गिअरात होता. क्षणभर तिचा हात तसाच राहिला. मग तिने मला पुढे घेतलं आणि बाप सुटला.

पाय वाचला, पण गुडघा वाकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे गाडी चालवणं संपलं.

आणि मग कप्तानने ते केलं. भेटायला येईल त्याला अंगणातल्या खाटेवरून एकच सांगायचा, "न्यूट्रलमध्येच सोडला मी. वय झालं, विसरलो." जन्मभर ज्याने एक आरसा फुटू दिला नाही, तो माणूस. दुकानातली माणसं आधी हळहळली, मग हसू लागली. भाऊ म्हणाला, "तरी मी सांगत होतो दादाला." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे संन्यासी आपणच फासाला मान देऊन बसला होता. लेकीच्या कामाला बट्टा लागू नये म्हणून.

तिला ते कळत होतं. दुपारी माझ्यात येऊन बसायची, गिअरच्या दांड्यावर हात ठेवून. रडायची नाही. नुसती बसायची. आईने एकदा खिडकीशी येऊन विचारलं, "काय गं, काय झालंय?" तर म्हणाली, "काही नाही, वायर बघतेय."

मग एक दिवस वर्कशॉपचे मालक मला बघायला आले. बरोबर दूधवाला होता. त्याचीही गाडी विजेवर होऊन तयार होती, आणि अपघाताचं ऐकून तो बिचकला होता. मालक त्याला समजावत होते, "अहो, गाडीत काही दोष नाही. म्हातारबुवा न्यूट्रलला विसरले. स्वतःच सांगतात."

"हो," कप्तान खाटेवरून म्हणाला. "माझीच चूक."

लेक माझ्या दाराशी उभी होती. तिचा हात माझ्या पत्र्यावर होता.

"गाडी पहिल्या गिअरात होती," ती म्हणाली. "मी डोळ्यांनी बघितलंय. बंद मोटर गाडी धरत नाही. हँडब्रेक लागतो, आणि तो मी केलाच नाही. आमच्या घरी तो कधी नव्हताच, म्हणून डोक्यातच आला नाही. काका, तुमच्या गाडीचा हँडब्रेक तपासल्याशिवाय ती उतारावर उभी करू नका."

मालकांचा चेहरा पडला. दूधवाल्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग कप्तानच्या पायाकडे. चहा न घेताच दोघं गेले.

"तुला कुणी विचारलं होतं?" कप्तान म्हणाला. "माझं नाव गेलंच होतं. तुझं तरी राहत होतं."

"राहिलं असतं, बाबा. आणि उद्या त्या काकांच्या पाठीशी खांब असता."

तो भिंतीकडे तोंड करून पडला. मालकांनी तिला पुन्हा कामावर बोलावलं नाही. दूधवाल्याने मात्र केबल बदलून घेतली म्हणे.

आता माझा हँडब्रेक नवा आहे. तिने स्वतः बसवला आणि भर उतारावर, पाठीवर पोती लादून, पुन्हा पुन्हा ताणून बघितला. वरच्या वस्तीची फेरी आता तीच करते, कारण वस्तीला पीठमीठ तर लागतंच. कप्तानच्या जागेवर ती बसते. तिला ते आवडत नाही, मलाही नाही. बापलेक एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. "जेवलात का?" "हो." बस, एवढंच.

तुम्ही लोक आमच्या पोटातलं बदलता, बदला. जुन्याचे गोडवे गायला मी बसलेलो नाही, माझी छाती आता धुराने भरत नाही. पण जुनं काढताना ते न सांगता आणखी काय काय सांभाळत होतं, तेवढं बघून घ्या. आम्हाला बोलता येत नाही हो.

संध्याकाळी मी फाटकाशी येऊन थांबतो तेव्हा कप्तान भिंत धरून, एक पाय ताठ ठेवून खिडकीत उभा असतो. मला आवाज नाही, तरी त्याला मी आल्याचं कसं कळतं कोण जाणे. लेक किल्ली बंद करते आणि हँडब्रेक ओढते, कर्र कर्र कर्र. कप्तान तो आवाज शेवटपर्यंत ऐकतो, आणि मगच बसतो.