न. म. सिंग

मराठी मी ग्लासांवर शिकले. ताटांवरही शिकले, पण ग्लासांवर जास्त, कारण लग्नाला-बारशाला लोक ग्लासच देतात.

लग्न होऊन आखाडा बाळापूरला आले तेव्हा मला उर्दू लिहिता येत होती आणि मराठी नुसती बोलता. आमचं भांड्यांचं दुकान. भांड्यांवर नाव घालायचं मशीन माझे शौहर गुलाम नबी चालवायचे. त्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर ते मोटरसायकलवरून पडले, उजवा हात मोडला आणि मशीन माझ्या हातात आलं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून देई, मी ते बघून बघून स्टीलवर काढी. मशीन भुंग्यासारखं थरथरायचं आणि अक्षराच्या डोक्यावर गेलं की घसरायचं. मी विचार केला, उर्दूत जेर-जबर कोण लिहितं? वरच्या-खालच्या खुणा सोडून देतात, वाचणारा समजून घेतो. मराठीतही तसंच असणार. म्हणून डोक्यावरचं सगळं मी सोडून दिलं. मात्रा नाही, टिंब नाही. काना आणि वेलांटी तेवढी ठेवली, कारण त्यांना उभी काठी असते, जरा इज्जतदार वाटतात.

संक्रांतीनंतर विश्वंभर गुरुजी पिशवीभर ग्लास घेऊन परत आले. आईच्या नावानं वाटायचे होते.

"जाहेदा, माझी आई गोदावरी होती. तू तिला गादावरी केलीस. लोक विचारतील, गादीवर झोपायची का?"

मी शरमेनं लाल. गुरुजी मात्र खुर्ची ओढून बसले आणि पुढं महिनाभर रोज येऊन मला बाराखडी शिकवली. तेव्हापासून माझी मात्रा चुकली नाही. त्या आधीच्या अडीच महिन्यांत जी भांडी बाहेर गेली, ती गेली. मी विसरून गेले. बावीस वर्षं विसरून राहिले.

गेल्या वर्षी सपना दुकानात आली. शिरड शहापूरची पोरगी, नुकतीच पोलिसात लागलेली. विहाराला द्यायच्या ताटांवर नावं घालायची होती. माझं काम बघत उभी राहिली.

"चाची, स्टीलवरचं नाव किती वर्षं टिकतं?"

"माणसापेक्षा जास्त."

ती हसली नाही. मोबाईल काढून म्हणाली, "मग हे बघा. कुठल्या दुकानचं असेल?"

ठाण्यातल्या जुन्या बेवारस मयतांची यादी साहेबांनी तिच्याकडं दिली होती. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात एका पडक्या विहिरीचा गाळ काढताना माणसाचा सांगाडा निघाला होता. कवटी मागून फुटलेली. म्हणजे खून. शेजारी भाकरीचा डबा, आणि डब्यावर नाव.

"न. म. सिंग," सपना म्हणाली. "ट्रक ड्रायव्हर असेल म्हणून नांदेडला चौकशी केली, पंजाबात पत्रं पाठवली. ह्या नावाचा कुणी हरवलेलाच नव्हता. डब्यात कवड्या निघाल्या, तर कागदावर जुगाराचं भांडण लिहिलंय."

फोटोत डबा गंजलेला नव्हता, नुसता काळवंडला होता. अक्षरं स्पष्ट होती. 'नमसिग'. मधले ठिपके आणि 'सिंग'चा अनुस्वार पोलिसांनी आपल्या मनानं घातले होते. ठाण्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. 'ग'चा पाय उर्दूसारखा डावीकडं वळवलेला होता. असा 'ग' आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकीचाच.

मी मशीन बंद केलं. "सपना, हा पंजाबी नाही गं. ह्याच्या डोक्यावरची मात्रा मी खाल्ली आणि टिंबही खाल्लं. हा नेमसिंग आहे. आपल्या तांड्याचा."

आमच्या दुकानाच्या पायरीवर दर बाजारी पंचफुला भाजी विकायला बसते. बंजारा बाई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. बाजारात तिची ओळख एकच, 'जिचा नवरा पळाला ती'. पोरगी सहा महिन्यांची असताना नेमसिंग एका बाईला घेऊन हैदराबादला गेला, असं सगळ्यांना माहीत होतं. बसमध्ये बसताना बघणारा माणूससुद्धा होता. त्यामुळं हरवल्याची तक्रार कुणी दिलीच नाही. विहिरीत पंजाब्याची हाडं सापडली ही बातमी बाजारात आली, तेव्हा पंचफुला माझ्या पायरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती. म्हणाली होती, "कुठला का असंना. त्याची बायको वाट बघून राहिली असंल."

हे मला आठवलं आणि मी सपनाला सगळं सांगून टाकलं.

सपना म्हणाली, "चाची, तुमच्या बोलण्यावर केस उघडत नाही. पुरावा पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ऑटोनं तांड्यावर गेलो. पंचफुला अंगणात तुरी पाखडत होती. वर्दी बघून म्हणाली, "पोलीस काहून आणली, भाबी? तुझी पायरी झिजवली म्हून का?"

मग रीतीप्रमाणं आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला. मी पाणी प्यायला तांब्या वर केला. राखेनं घासून घासून त्याचा आरसा झाला होता, पण नाव होतं. 'नमसिग'. उर्दू पायाचा 'ग'.

"फुलाबाई, ह्याच्यावर काय लिहिलंय?"

"मालकाचं नाव. तूच घातलं की. तांब्या नि डबा, दोनी संगंच. कापसाच्या जिनिंगमंदी गड्यायचे डबे बदलून जायचे म्हून."

"नाव चुकलंय माझ्याकडून."

"रोज घासते म्या. मला तर न्हाई दिसलं चुकलेलं." तिला वाचता येत नाही. बावीस वर्षं ती नवऱ्याचं अर्धं नाव चकचकीत ठेवत होती.

सपनानं विचारलं, "मावशी, डबा कुठाय?"

"त्योच घेऊन गेला. जिनिंगला जातो म्हणला, गेला त्यो गेलाच."

"येताना काही आणायला सांगितलं होतं?"

पंचफुलानं सूप खाली ठेवलं. मग उठून आतून एक गाठोडं आणलं. त्यात डोक्यावर घागरीखाली ठेवायची चुंबळ होती, लाल कापडाची. अर्ध्या गोलाला कवड्या शिवलेल्या, अर्धा गोल उघडा.

"कवड्या कमी पडल्या होत्या. बाजारातून अकरा आण म्हणलं. पुन्हा ही पुरी करायचं मन झालं न्हाई."

सपनानं माझ्याकडं बघितलं. डब्यात कवड्या किती निघाल्या, हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा बघून मला कळलं, अकराच.

सांगायचं काम सपनानं केलं. फार हळू, वर्दीतल्या माणसाला जमू नये इतकं हळू. विहीर कुठली, डबा कसला. पंचफुला ऐकत राहिली. शेवटी तिनं एकच विचारलं.

"मंग त्या बाईचं काय झालं?"

"कुठली बाई?"

"जिला घेऊन पळाला ती."

"बाई नव्हतीच, मावशी. कुणी नव्हतंच."

पंचफुलानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "आगं, बावीस वर्सं म्या तिला शिव्या देऊन राहिले! रोज सकाळी! ती बिचारी जन्मालाच न्हाई आली!" मग रडली. मीही रडले. सपना तुरीच्या ढिगाकडं बघत उभी राहिली, नाक ओढत.

जरा शांत झाल्यावर मी म्हटलं, "माझ्या एका मात्रेनं तुझी बावीस वर्षं गेली, फुलाबाई. मला माफ कर."

"मात्रा तू खाल्ली. डोक्यात धोंडा कुनी घातला?"

हाच सवाल सपनानं धरला. पुढचं काम तिचं. विहिरीतल्या माणसाचा एक दात जपून ठेवलेला होता. पंचफुलाची पोरगी पुण्याहून येऊन रक्त देऊन गेली. तीन महिन्यांनी कागद आला, बाप-लेक बराबर जुळले. त्याआधीच सपना एका म्हाताऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली होती. नेमसिंगला हैदराबादच्या बसमध्ये बसताना बघितलं, असं सांगणारा तोच. त्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, नेमसिंगच्या शेताला लागून होता, आणि त्या धुऱ्यावरून दोघांची मारामारी झालेली तांड्यातल्या जुन्या माणसांना आठवत होती. आता कोर्टाचं काम कोर्ट करील.

बेवारस म्हणून पुरलेली हाडं उकरून मिळाली. तांड्यानं रीतीनं सगळं केलं. त्यानंतरच्या बाजारी पंचफुला भाजीची पाटी न आणताच आली.

"भाबी, ग्लास पाहिजेत. तांड्यात घरटी एक. आनि बाजारात जे जे मला बोलले त्यायला पन."

"म्हणजे सगळ्या बाजारालाच."

"व्हय. च्या पिताना वाचतील."

मी मशीन पुसलं. "काय घालू? 'नेमसिंग यांच्या स्मरणार्थ'?"

"तसलं समद्यायच्याच ग्लासावर असतंय. त्यानं न्हाई कळायचं कुनाला." ती पायरीवर बसली, नेहमीच्या जागी. "लिही, नेमसिंग घरी येऊन राहिला होता."

मी तसंच घातलं. पहिली मात्रा काढताना जीभ दातांत धरली होती, टिंबाला श्वास.

दहा-बारा ग्लास झाले असतील, तेवढ्यात विश्वंभर गुरुजी आले. आता काठी घेऊन चालतात, पण लिहिलेलं दिसलं की थांबतात. एक ग्लास चष्म्याजवळ नेला.

"मात्रा आहे. अनुस्वार आहे. शाबास. पण जाहेदा, वाक्य बोलीतलं झालं. 'येत होता' पाहिजे. पुस्तकातल्या मराठीत 'घरी येऊन राहिला' म्हणजे घरी आला आणि मग तिथंच राहिला."

मी पंचफुलाकडं बघितलं. तिनं मान हलवली.

"व्हय गुरुजी," मी म्हटलं. "तेच म्हणायचंय."

गुरुजींनी ग्लासावरचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग तो पिशवीत टाकत म्हणाले, "हा मी नेतो."

"न्या की," पंचफुला म्हणाली. "पन आदी जरा बाजूला सरका. उजेड येऊ द्या तिला, न्हाई तर मात्रा ऱ्हाईल."