पाठ असलेली ओळ

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी चष्मेवाल्या बाईंनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ न अडखळता म्हणून दाखवली. सात, चार, नऊ, दोन, सहा, तीन.

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. छंद म्हणून विमान चालवणाऱ्यांना दर दोन वर्षांनी जो वैद्यकीय दाखला लागतो तो द्यायचा की नाही, हे तेच ठरवत. "अठ्ठावन्नाव्या वर्षी ही नजर!" ते म्हणाले. "काय खाता काय हो बाई?"

बाईंनी हात खाली घेतला. त्यांनी ती ओळ वाचलीच नव्हती. डाव्या डोळ्याला तिथे आकडे दिसत नव्हते. ओल्या बोटाने पुसलेल्या पाटीसारखा एक राखी डाग दिसत होता, आणि त्याच्या कडेला वरच्या ओळीतला आठ पोट पुढे काढून उभा होता. पण तसाच तक्ता त्यांच्या दुकानात सव्वीस वर्षं टांगलेला होता. इतकंच नव्हे, डॉक्टरांच्या भिंतीवरचा तक्ताही त्यांनीच दिलेला. चार वर्षांपूर्वी डॉक्टर चष्मा घ्यायला आले तेव्हा जुना तक्ता पिवळा पडल्याची कुरकुर करत होते. बाईंनी कपाटातून नवा काढून दिला होता.

"बघा हं," डॉक्टर पेनाचं टोपण काढत म्हणाले, "तक्ता पाठ तर नाही ना?"

"पाठ म्हणजे? झोपेतून उठवून विचारा, उलटा म्हणून दाखवते."

डॉक्टर खो खो हसले. बाईही हसल्या. खरं बोलून झालं होतं आणि ते विनोदात जमा झालं होतं. डॉक्टरांनी सही केली. सही करताना त्यांनी नाकावर सरकवलेला चष्माही बाईंच्याच दुकानातला होता.

डोळ्याचं कळलं होतं तीन आठवड्यांपूर्वी. साठीच्या आसपासच्या गिऱ्हाइकांना बाई चष्म्याच्या डबीबरोबर एक कागद देत. त्यावर वहीसारख्या बारीक चौकटी आणि मध्ये एक टिंब. "फ्रिजवर चिकटवा. रोज एकेक डोळा झाकून टिंबाकडे बघा. रेघ वाकडी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका," हे वाक्य त्यांनी हजारदा तरी म्हटलं असेल. स्वतःच्या फ्रिजवर मात्र नुसती दूधवाल्याची आणि गॅसवाल्याची चिठ्ठी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या दिवशी छापखान्यातून नवा गठ्ठा आला. छपाई कशी आहे ते बघायला त्यांनी एक कागद उचलला, सवयीने एक डोळा झाकला, आणि मधल्या चार रेघा मागून कुणी बोट दाबल्यासारख्या फुगल्या. त्यांना वाटलं, छापखान्याने घोळ घातला. दुसरा कागद घेतला. मग जुन्या गठ्ठ्यातला घेतला. मग दुकानाचं दार लावून त्या स्टुलावर बसल्या.

डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजतो, ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही, सुया देऊन थोपवता येतं, हे सगळं त्या गिऱ्हाइकांना समजावून सांगत आल्या होत्या. सांगितलं तर काय होईल, हेही माहीत होतं. दाखला थांबणार. कागद वरच्या मंडळाकडे जाणार. तिथे सहा महिने, कदाचित वर्ष. एका डोळ्यावर उडायची परवानगी मिळालेले लोक असतात, न मिळालेलेही असतात.

दुकान आठ फूट बाय बारा फूट. खिडकी नाही, कारण बाहेरचा उजेड तपासणीत लुडबुड करतो. दिवसभर लोक खुर्चीत बसणार, "हे स्पष्ट की ते?" विचारायचं, काचा बदलायच्या. संध्याकाळी शटर ओढून वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत जायचं. फक्त पंधरवड्यातून एक रविवार गावाबाहेरच्या मैदानावर जाऊन क्लबच्या दोन आसनी विमानात तासभर बसायचं. लायसन्स काढलं सत्तेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा नणंदेने विचारलं होतं, "वहिनी, हे काय आता म्हातारपणी पंख फुटले?" बाई म्हणाल्या होत्या, "आता तरी फुटले. तुझे बघ कधी फुटतात."

त्या एका तासाशिवाय उरलेले दिवस कसे काढायचे?

गुरुवारी दुसरी सही. दाखल्याबरोबर प्रशिक्षकाला सोबत घेऊन एक उड्डाण करून दाखवावं लागे. प्रशिक्षकाला सगळे कप्तान म्हणत. कप्तानाची एक खोड होती: उतरायची वेळ आली की तो खिशातून कागदाचे तुकडे काढून घड्याळांसारख्या तबकड्यांवर चिकटवायचा, उंचीच्या, वेगाच्या, सगळ्यांवर. "काट्यांकडे बघून कुणीही उतरेल. बाहेर बघा. जमीन काय म्हणते ते ऐका."

बाईंनी बाहेर बघितलं. धावपट्टी समोर आली. दोन्ही डोळे उघडे असले की उजवा डाव्याचं पाप झाकून घेई. तरी डावीकडच्या पांढऱ्या पट्ट्याला मध्येच एक बाक होता. सरळ पट्ट्याला बाक नसतो, हे मनाला माहीत होतं. हाताला कुणी सांगायचं? जमीन आली असं वाटून त्यांनी नाक वर घेतलं. जमीन आली नव्हती. विमान क्षणभर हवेत लटकलं आणि धप्पकन बसलं.

"बाई," कप्तान शांतपणे म्हणाला, "पहिल्या मजल्यावर उतरलात. तळमजला अजून खाली होता."

"पुन्हा करते."

दुसऱ्या फेरीत त्यांनी मान किंचित डावीकडे वळवली, म्हणजे उजवा डोळा पुढे येईल. विमान दुधावर साय धरावी तसं टेकलं. तिसऱ्यांदाही तसंच.

"मान का वाकडी?"

"उशी बदललीय."

कप्तानाने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग वहीत सही केली. "वैद्यकीय झालंय ना?"

"मंगळवारीच."

"मग झालं."

दाखला आहे म्हणून कप्तान गप्प बसला. कप्तानाने सही केली म्हणून क्लब गप्प बसणार. प्रत्येक जण आधीच्याच्या सहीवर भार टाकून मोकळा होत होता, आणि सगळ्यांत खाली, पहिल्या सहीच्या तळाशी, सहा आकडे होते. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची तर कुणाची?

घरी जाताना बाईंनी ठरवलं, सह्या असू देत. त्यामुळे कुणी काही विचारणार नाही. आपण मात्र उडायचं नाही. आज वारा आहे, उद्या गिऱ्हाईक आहे, असं करत करत वर्ष काढायचं. पुढचं पुढे.

वर आल्या तर नवरा टेबलावर नकाशा पसरून बसलेला. निवृत्त शिक्षक, पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण जमीन सोडायचं नाव नाही. अकरा वर्षं बाई त्याला बोलवत होत्या आणि अकरा वर्षं त्याचं काही ना काही निघत होतं. कान दुखतो, पेपर तपासायचेत, पाहुणे येणार. बाई शेवटी चारचौघांत म्हणू लागल्या होत्या, "आमच्या ह्यांची पृथ्वी गोल आहे, पण फक्त पुस्तकात."

"रविवारी मी येतो," नवरा म्हणाला.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? वर. नदी तीन वळणं घेते ना गावामागे, ती मी फळ्यावर काढून काढून खडू झिजवले. एकदा बघतो."

"रविवारी वारा आहे म्हणतात."

"नाही. मी बघितलंय." त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, घाबरत होतो मी, आता कबूल करतो. पण मंगळवारी तुला डॉक्टरांनी तपासलं, आज कप्तानाने तपासलं. इतकं तपासून तर लोक जावईसुद्धा आणत नाहीत. म्हटलं, आता नाही बसायचं तर कधी?"

"पुढच्या महिन्यात बसू."

"अकरा वर्षं माझ्या मागे लागलीस आणि आता तूच मागे सरतेस? लोकांना सांगू का मी हे?"

बाई चहा ठेवायला उठल्या. शुक्रवारी त्यांनी डॉक्टरांचा नंबर दोनदा फिरवला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा डॉक्टर स्वतःच म्हणाले, "बोला, गरुडाची नजर!" आणि बाईंनी विचारलं की नव्या काचांनी डोकं दुखत नाही ना. शनिवारी रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "अहो, मला जरा सांगायचंय." नवरा म्हणाला, "घाबरवू नकोस हं. मोठ्या मुश्किलीने तयार झालोय." पानात वाढलेलं संपलं, विषय राहिला.

रविवारी आठ वाजता बाईंनी विमानाभोवती चक्कर मारली. यादीप्रमाणे एकेक गोष्ट हाताने चाचपून बघितली. पंखाखालून थोडं इंधन काचेच्या नळीत घेतलं, उजेडात धरलं. पाणी नव्हतं, गाळ नव्हता. चाकं ठीक, बिजागऱ्या ठीक, तेल ठीक. यादीत वैमानिकाचा रकाना नव्हता.

नवऱ्याला उजवीकडे बसवून पट्टा त्यांनीच आवळला. नवे बूट घालून आला होता तो. दार ओढून खिट्टी लावली. खांद्याला खांदा लागत होता. दोघांमध्ये वीतभरही जागा उरली नव्हती. इंजिन सुरू झालं. विमान हळूहळू धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन थांबलं.

"नकाशा कुठे ठेवलास?"

"पिशवीत बघा."

नवऱ्याने मांडीवरची पिशवी उघडली. नकाशा काढला. त्याच्या घडीतून एक कागद निसटून त्याच्या गुडघ्यावर पडला. बारीक चौकटी, मध्ये टिंब. त्याने तो उचलून उलटसुलट केला.

"हा गिऱ्हाइकांचा ना? इथे कशाला?" त्याने गंमत म्हणून एक डोळा झाकला, मग दुसरा. "पास! सगळ्या सरळ." मग कागद बाईंच्या तोंडासमोर धरला. "तुला?"

त्याच वेळी हेडफोनमधून नियंत्रण टॉवरचा आवाज आला. धावपट्टी मोकळी आहे, उड्डाणाला हरकत नाही, ऐकल्याचं कळवा.

बाईंचा उजवा हात इंजिनाच्या दांड्यावर होता. डावा मांडीवर होता. तो उचलून तळवा चेहऱ्याजवळ आला आणि थांबला.

टॉवरने पुन्हा विचारलं. नवऱ्याने कागद खाली घेतला नव्हता. आठ वाजून बावन्न मिनिटं झाली होती. पंखा फिरत होता, चाकं जागेवर होती, आणि बाईंनी दोघांपैकी कुणालाही अजून उत्तर दिलेलं नव्हतं.