दारातला किल्ला

कॉलेजच्या बातमीपत्राचा ऑक्टोबरचा अंक रिसेप्शनच्या काचेवर चिकटवला होता. वर हसरा भोपळा. त्याखाली महिनाभराची मजा: भोपळे कोरायची स्पर्धा, ब्लॅक हिस्टरी मंथचं जेवण, फटाके जपून उडवा म्हणून फायर ब्रिगेडवाल्यांचं भाषण, मंगळवारी नव्या लोकांना कोर्स दाखवायची ओपन ईव्हनिंग आणि त्याच संध्याकाळी रांगोळीसकट दिवाळी. हे सगळं झाल्यावर अगदी तळाला, पार्किंगच्या सूचनेच्याही खाली, दोन ओळी होत्या. ऑक्टोबरअखेरच्या हाफ टर्म सुट्टीनंतर विटकामाचं वर्कशॉप बंद करून तिथे वेलबीइंग हब उघडण्यात येत आहे. त्या कोर्सच्या विद्यार्थ्यांना दुसरा कोर्स निवडायला मदत केली जाईल.

वरदाने ते वाचलं. खांद्यावरच्या पिशवीत तिची थापी होती, लेव्हल होती, दोरीची गुंडी होती. आधी तिला वाटलं आपलंच इंग्लिश कुठेतरी चुकतंय. पुन्हा वाचल्यावर कळलं, इंग्लिश ठीक आहे, माणसं हलकट आहेत.

लंडनच्या ईलिंगहून बसने यायच्या अंतरावरचं हे कॉलेज काही मोठं नव्हतं. युनिव्हर्सिटीत जातात ती पोरं इथे येत नाहीत. इथे केस कापायला शिकतात, नळ जोडायला शिकतात, नव्याने आलेले लोक इंग्लिश शिकतात. वरदा दीड वर्षापूर्वी अशाच एका ओपन ईव्हनिंगला आली होती ती नवऱ्याच्या सांगण्यावरून, केकवर आयसिंग करायचा कोर्स बघायला. वाट चुकून मागच्या शेडमध्ये शिरली, तर तिथे एक पोलिश बाई गुडघ्यावर बसून विटेवर वीट ठेवत होती. वरदा तासभर तिथेच उभी राहिली आणि नाव घालूनच घरी गेली.

नागपुरात तिच्या बापाने, ज्ञानेश्वर मिस्त्रीने, अख्ख्या लेआउटमधली घरं बांधली. त्यातल्या एकाही घरात त्याला खुर्चीवर बसवून चहा मिळाला नाही. कपाला दांडा नसायचा, चहा ओट्याबाहेर यायचा. म्हणून त्याने पोरीला थापीला हात लावू दिला नाही. एकदा लहानपणी तिने घमेल्यातला माल उचलून भिंतीला फासला, तर त्याने तिचे हात इतके घासून धुतले की कातडी लाल झाली. पोरीने पेन धरावा. पोरीने पेन धरला, बी.कॉम. केलं, सॉफ्टवेअरवाला नवरा मिळाला, लंडन मिळालं. आणि लंडनमध्ये येऊन पोरीने थापी धरली.

नवऱ्याला, प्रणवला, ते आवडलं नव्हतं, पण तो भांडला नाही. त्याने फक्त लोकांना सांगताना कोर्सचं नाव बदललं, 'कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट' केलं. मराठी मंडळाच्या सेक्रेटरीला, रघुवीरला, खरं कळलं तेव्हा त्याने गणपतीच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "वहिनी, आमचं मागचं एक्स्टेन्शन तुम्हालाच देतो बरं का. मुकादम म्हणून प्रणव येईल." सगळे हसले. प्रणवही हसला, ते वरदाच्या लक्षात राहिलं.

विटकामाच्या वर्कशॉपची एक रीत होती. तिथल्या मालात सिमेंट नसायचं, नुसती वाळू आणि चुना. आयरिश मास्तर फिंटन पहिल्याच दिवशी सांगायचा की इथे बांधाल ते सगळं पाडायचं आहे. वर्ग संपला की भिंत उतरवायची, विटा खरवडायच्या, पुन्हा रचून ठेवायच्या, उद्याच्या लोकांना लागतात. दीड वर्षात वरदाने कोपरे बांधले, कमान बांधली, एक धुराडंसुद्धा बांधलं, आणि त्यातलं काहीही जगात कुठेही उभं नव्हतं. हाती काही लागणार होतं ते डिसेंबरच्या परीक्षेनंतरच. ती पास झाली की लेव्हल टूचं सर्टिफिकेट हातात, आणि फिंटनच्या ओळखीच्या साइटवर काम. वर्कशॉप त्याआधी बंद झालं तर दीड वर्ष चुन्यात गेलं.

व्हाइस प्रिन्सिपल फिलिपाने तिला त्याच आठवड्यात बोलावून घेतलं. वर्कशॉपबद्दल नव्हे, रांगोळीबद्दल. मागच्या वर्षी कोणीतरी पाकिटातली स्टिकरची रांगोळी लावली होती, यंदा खरी हवी, दारात, साडी नेसून, फोटो छान येतात. वरदाने विचारलं, आमच्या कोर्सचं काय. फिलिपाने मान तिरकी केली. फार लोकांना मानसिक शांततेची गरज आहे, म्हणाली. कॉलेजने सगळ्यांचं ऐकून घेतलंय, म्हणाली. केक डेकोरेशनमध्ये अजून जागा आहेत, आणि खरं तर हाताचं काम सारखंच, थर लावायचे, वरून गुळगुळीत करायचं.

ती हे थट्टेने म्हणत नव्हती, हे सगळ्यात वाईट.

वरदा म्हणाली, रांगोळी मला जमत नाही, पण आमच्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करतात. पोरं करतात. दगड, विटा, माती, जे हाताशी लागेल ते घेऊन. वर आळीव पेरतात, मातीचे सैनिक उभे करतात. फिलिपाचे डोळे चमकले. मुलांचा मातीचा किल्ला, किती गोड. मोठा असतो का, असं तिने विचारलं, तेव्हा वरदाने कमरेशी हात धरून दाखवला. दाराशेजारच्या हिरवळीवर करा, फिलिपा म्हणाली, येणाऱ्या प्रत्येकाला दिसला पाहिजे.

वरदाने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. किल्ला असाच करतात, नागपुरात काय आणि पुण्यात काय. समोरच्या बाईने 'मुलांचा' आणि 'मातीचा' एवढंच उचललं, विटा खाली सोडल्या. ह्या लोकांना आपल्या सणातलं जे मऊ असतं तेवढंच ऐकू येतं.

बाहेर रिसेप्शनवर मिल्का होती. बातमीपत्र तीच लावायची. साठी उलटलेली, जन्म ठाण्याचा, आई अलिबागकडची, बेने इस्रायल ज्यू. इतकी वर्षं इंग्लिश बोलून तिची मराठी आक्रसली होती, पण वरदाशी ती मराठीतच बोलायची, आईच्या वेळची मराठी. वरदाने तिला तावातावाने विचारलं की त्या दोन ओळी तुम्ही लिहिल्यात का. मिल्का म्हणाली, लिहून वरून आल्या, मी चिकटवल्या. शरमेने चष्मा पुसत राहिली.

मग वरदाने किल्ल्याचं सांगितलं. काय घालून बांधणार तेही सांगितलं. मिल्काने इकडेतिकडे बघितलं.

"आमच्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, ठाऊक आहे तुला? शनवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. नावं ठेवायची लोकं. अन् नावं ठेवणाऱ्यांच्या घरी दिवा जळायचा तो आमच्याच तेलावर." चष्मा तिने परत चढवला. "उद्या शनवार, मी काही येणार नाही. गेटवर सांगून ठेवते, दिवाळीची मंडळी येतील, आत सोड म्हणून. बांध पोरी. नीट बांध."

शनिवारी सकाळी वर्ग जमला. ती पोलिश बाई, दोघे सोमाली भाऊ, रिटायर झालेला एक बस ड्रायव्हर. सगळ्यांचंच दीड वर्ष पाण्यात जाणार होतं, त्यामुळे कोणाला समजावायची गरज पडली नाही. सणाची माहिती मात्र प्रत्येकाने विचारली. ड्रायव्हरला वाटलं किल्ल्यात देव ठेवतात. नाही, वरदा म्हणाली, किल्ल्यात कोणी नसतं, किल्ला आपला असतो एवढंच. त्याला ते फार पटलं.

शेडमधून विटा हातगाडीने आणल्या. हिरवळ खणून पाया घेतला. वरदाने दोरी बांधली, कोपरे काढले, आणि मग सगळे फिंटनकडे बघायला लागले, कारण माल कालवायची वेळ आली होती. फिंटन वाळूच्या ढिगाकडे बघत उभा होता. त्याची नोकरी तशीही हाफ टर्मपर्यंतच होती.

"वरदा," तो म्हणाला, "चुना की सिमेंट?"

"सिमेंट."

फिंटनने किल्ली काढून विटांवर ठेवली. सिमेंटच्या गोण्या आतल्या खोलीत ताडपत्रीखाली आहेत हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही, म्हणाला, आणि मी आता चहाला चाललोय. गेला, आणि पाच मिनिटांत परत आला. चहा काही त्याला गोड लागला नाही. कमानीखाली लाकडी साचा धरायला तोच बसला.

दुपारपर्यंत तट कमरेला लागला. चार कोपऱ्यांना बुरूज, समोर कमानीचा दरवाजा, आत एक चढती वाट. पाऊस यायचा, थांबायचा, यायचा. वरदाचे हात सिमेंटने राखाडी झाले होते आणि पाठ मोडून आली होती, पण दीड वर्षात पहिल्यांदाच ती पाडायचा विचार न करता वीट ठेवत होती, आणि तशी ठेवलेली वीट हाताला वेगळी लागते.

चारच्या सुमाराला प्रणव आला. मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम सहाला होता, तो झब्बा घालूनच आला होता. बायकोची साडी पिशवीत होती. त्याने ती माणसं बघितली, ती भिंत बघितली, आणि चिखलात बसलेली वरदा बघितली. हळू आवाजात म्हणाला, ऊठ, सगळे वाट बघतायत. वरदा म्हणाली, दरवाज्याची कमान ओली आहे, आत्ता सोडता येणार नाही. तो म्हणाला, लोकांना काय सांगू. ती म्हणाली, खरं सांग.

प्रणव सहसा वाईट बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"गवंड्याचीच पोर शेवटी."

पोलिश बाईला शब्द कळले नाहीत, पण तिचा हात थांबला. वरदाने थापीवरचा माल आधी विटेवर लावला, वीट बसवली, ठोकली, लेव्हल ठेवून बुडबुडा बघितला. मग मान वर केली.

"हो. आणि तू गवंडिणीचा नवरा. जा, तुला उशीर होतोय."

तो गेला. मंडळात त्याने वरदाला ताप आल्याचं सांगितलं. तो ताप सोमवारपर्यंतच टिकला, कारण सोमवारी मिल्काने किल्ल्याचा फोटो कॉलेजच्या पेजवर टाकला, 'शनिवारी बांधला' असं लिहून बांधणारी म्हणून वरदाचं नाव घातलं, आणि तो फोटो दुपारच्या आत मंडळाच्या ग्रुपवर फिरला.

फोटोत विटा दिसत नव्हत्या. रविवारी वरदाने एकटीने येऊन सगळ्या किल्ल्याला मातीचा जाड लेप दिला होता आणि वर आळीव पेरले होते. त्यामुळे फिलिपाला मंगळवारी दुपारपर्यंत तो मुलांचा मातीचा किल्लाच वाटत होता. तोवर वेलबीइंग हबचा मोठा बॅनर छापून आला. तो लावायला जागा एकच होती, दाराशेजारची. फिलिपाने देखभालीच्या माणसाला सांगितलं, ती माती जरा फावड्याने बाजूला कर.

माणसाने फावडं मारलं. फावडं खणकन वाजून परत आलं. त्याने दुसऱ्या बाजूने मारलं, तिथेही तेच. त्याने माती खरवडून आत बघितलं, सांध्यावर अंगठा दाबला आणि हसायला लागला. ह्याला काँक्रीट फोडायचा ब्रेकर लागेल बाईसाहेब, म्हणाला, आणि तासाभरात पाहुणे येतायत, आज तर मी तो चालवत नाही.

वरदा सहाला आली. फिलिपाला साडी हवी होती, तर ती नऊवारी नेसून आली, काष्टा घट्ट मारून, आणि खाली पोलादी टोकाचे सेफ्टी बूट. बुरुजांवर पणत्या लावल्या. मातीचे सैनिक लंडनमध्ये कुठून आणायचे, म्हणून सोमाली भावांनी भाच्यांचे डायनासोर आणले होते. ते तटावर ओळीने उभे राहिले आणि शोभले.

ओपन ईव्हनिंगला आलेला प्रत्येक माणूस आधी तिथे थांबला. पोरं कमानीतून हात घालत होती. आयाबाया विचारत होत्या, हे कोणत्या कोर्सला शिकवतात. वरदा प्रत्येकीला तेच सांगत होती, आवाज न चढवता: विटकामाच्या. हाफ टर्मनंतर बंद होतोय. का ते त्या बाईंना विचारा. आणि सिमेंटचे डाग असलेल्या बोटाने फिलिपाकडे दाखवत होती. लोक जाऊन विचारत होते. फिलिपाची मान पहिल्या दहा माणसांपर्यंत तिरकी होत राहिली, मग सरळ राहू लागली.

आठच्या सुमाराला ती स्वतः आली. हसू चेहऱ्यावर होतं, पण थकलेलं. हे पाडणार कधी, तिने विचारलं. सणाचं आहे म्हणजे सण संपला की काढत असाल ना.

"पाडायला आम्हाला वर्कशॉपमध्येच शिकवतात," वरदा म्हणाली. "छिन्नी तिथे, हातोडा तिथे, मास्तर तिथे. वर्कशॉप उघडं ठेवा, परीक्षा होऊ द्या. पुढच्या बॅचला नावं घ्या. मग बघू."

फिलिपा म्हणाली की तुम्ही कॉलेजला धमकी देताय. वरदा म्हणाली, नाही, मी केकवर थर लावलाय.

हाफ टर्म संपल्यावर सोमवारी बीनबॅग आल्या. वर्कशॉप बंद नव्हतं, म्हणून त्या कॉरिडॉरमध्ये एकावर एक पडून राहिल्या, आणि भोपळ्याचं पोस्टर त्यांच्यावर गळून पडलं. बातमीपत्रात ह्या वेळी बातमी अगदी वर होती: विटकामाच्या परीक्षा डिसेंबरमध्येच होतील, त्यापुढच्या निर्णयाचा फेरविचार चालू आहे. फेरविचार म्हणजे काय ते वरदाला पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यात पुन्हा दोन ओळी येतील, पार्किंगच्या खाली. येऊ देत. परीक्षेचं होईल, पण किल्ला कोणी पाडणार नाही, हे वर्गाने आपसात ठरवून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी वरदाला कॉलेजवरून गाडीने घरी नेताना प्रणवने किल्ल्यापाशी गाडी हळू केली, बघितलं, आणि पुन्हा वेग घेतला. वरदाने त्याला काही विचारलं नाही. त्याचं त्याने बघावं.

नागपूरहून बापाचा फोन आला. कुणीतरी त्याला फोटो दाखवला होता. बराच वेळ तो हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "सिमेंटचं काम आहे म्हणतात. पाणी मारतेस ना रोज? नाही मारलं तर तडे जातात."

"बाबा, इथे वरून मारतात."

तो हसला नाही. म्हणाला, तरी मारत जा, त्या पावसाचा काय भरवसा.

म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गाला जायच्या आधी वरदाने कॅन्टीनमधून पाण्याचा जग घेतला आणि भुरभुरत्या पावसात उभी राहून किल्ल्याला पाणी मारलं, तटावरून, बुरुजांवरून, डायनासोरांच्या पायांशी उगवलेल्या हिरव्यागार आळीवांवरून. आतून काचेपलीकडे फिलिपा बघत होती. वरदाने जग खाली ठेवला नाही. पूर्ण रिकामा केला, आणि थापी घेऊन मागच्या शेडकडे गेली.